पाहुणी पानं

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गौस दस्तगीर अत्तार नावाचे एक बाइंडर होते. आडनाव अत्तार, पण घराण्यात अत्तराची कुपी शेवटची कुणी उघडली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. आजोबांपासून धंदा जिल्दी बांधायचा. त्यामुळे अकबर मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांना वास यायचा तो खळीचा. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर पुस्तकाच्या वाटेला जात नाही. ईदच्या दिवशी शिरखुर्मा शिजत असला तरी आधी नाकात शिरायची ती खळच.

वडील दस्तगीरमियाँ यांनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. शिवताना दोरा ढिला सोडायचा नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे, आकड्यांच्या रांगेत नसलेलं पान जिल्दीत घालायचं नाही. मासिकांत साबणाच्या आणि ताकदीच्या औषधांच्या जाहिराती असत, त्या पानांवर आकडे नसत. ‘‘असलं पान म्हंजे पावणं,’’ दस्तगीरमियाँ म्हणत. ‘‘पावण्यानं जेवावं आन् जावं. घरात वाटणी मागू नये.’’ शिकवण काही खोटी नव्हती. पण बापाची शिकवण डोळे मिटून पाळणारा मुलगा कधी कधी न पाळणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, आणि गौसभाई तर भलतेच आज्ञाधारक होते.

बासष्ट साली ते कॉलेजात लागले, तेही हंगामी. ग्रंथपाल होते नृसिंह देशिंगकर. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर आणि जीभ धारेवर. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्या विद्यार्थ्याला ते त्याच्या बापाचं नाव विचारत, आणि विचारायची पद्धत अशी, की बापालाही घरबसल्या ठसका लागावा. पुढच्याच वर्षी देशिंगकरांनी मुंबईच्या अंबादास नावाच्या जुन्या पुस्तकविक्रेत्याकडून कलकत्त्याच्या एका इंग्रजी शास्त्रीय मासिकाचा संच मागवला. १९२० ते १९५०, एकतीस वर्षांचे सुटे अंक. मे महिन्याच्या सुट्टीत गौसभाईंनी ते बांधायला घेतले.

शाळा सातवीपर्यंतची. इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्यांमुळे ओळखीची होती, शब्दांशी मात्र बोलणं नव्हतं. अंक लावताना त्यांना दिसलं, की दर वर्षाच्या शेवटच्या अंकात आठ-दहा पानांची एक सुटी घडी आहे. तिच्यावर बारीक टायपात दोन रांगा, आणि पानांना आकडे म्हणावेत तर नुसत्या काड्या आणि फुल्या. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. सगळं वर्ष एकपासून सातशेपर्यंत सरळ चालत आलेलं, आणि ही घडी त्या रांगेत कुठेच बसत नव्हती. पाहुणी पानं. गौसभाईंनी ती काढली. पण कागद काय सुरेख, जाड, दुधी! चांगला कागद टाकणं हे त्यांच्या घराण्यात पाप. त्यांनी त्याच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक खंडाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून खळीनं चिकटवून टाकल्या.

एकतीस खंड हिरव्या कापडात, सोनेरी अक्षरांत उभे राहिले, तेव्हा देशिंगकरांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, म्हणजे फार झालं. ‘‘पाठ बघा, पाठ,’’ ते प्राचार्यांना म्हणाले. ‘‘शंभर वर्षं वाकायची नाही.’’ त्या पाठींच्या जोरावर गौसभाई कायम झाले. जुलेखा, त्यांची बायको, तिनं मोहल्ल्यात पेढे वाटले.

दिवाळीनंतर देशिंगकरांच्या लक्षात आलं, की एकाही खंडाला वार्षिक सूची नाही. कुठल्या विषयाचा लेख कुठल्या पानावर, हे सांगणारी सूची. ती नसेल तर सातशे पानांच्या खंडात लेख हुडकणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई हुडकणं. त्यांनी अंबादासला पत्र लिहिलं: ‘सूच्या काढून घेऊन तुम्ही आम्हांला लुबाडलंत.’ अंबादासचं उत्तर आलं, की मी सगळं पाठवलं आहे, हवं तर देवाची शपथ घेतो. देशिंगकर म्हणाले, चोराला देव फार जवळचा असतो. त्या दिवसापासून अंबादासच्या दुकानाशी कॉलेजचा व्यवहार बंद झाला. गौसभाई बाजूला उभे राहून हे ऐकत होते आणि मनातल्या मनात मुंबईवाल्यांना नावं ठेवत होते. सूची म्हणजे वेगळं पुस्तक असणार, अशीच त्यांची समजूत होती.

अडुसष्ट सालच्या जुलैत नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवताना देशिंगकरांनी एका नव्या मासिकातली घडी उघडून सगळ्यांपुढे धरली. ‘‘ही सूची. हिच्या पानांना रोमन आकडे असतात, म्हणून काही गाढवं हिला जाहिरात समजतात.’’ गौसभाई शिडीवर होते. वरून त्यांना त्या काड्या दिसल्या. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. त्यांनी शिडीचा दांडा घट्ट धरला. हिरव्या कापडाचे एकतीस खंड समोरच्याच कपाटात पाठ करून उभे होते.

त्या दिवशी ते डबा न खाता घरी परत आले. जुलेखानं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. घरात दोघं दखनीत बोलत, पण राग आला की जुलेखा माहेरच्या कोडोलीच्या मराठीवर येई, आणि मग भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही कामं सुचत नसत.

‘‘मग सांगायचं की सायबास्नी. फाडा म्हनावं पाठी आन् काढा पानं.’’

‘‘पट्ट्या केल्यात मी त्यांच्या. निम्मी अक्षरं कापल्यात. खळीत बसलेला कागद निघतोय व्हय?’’

‘‘मग काय करनार?’’

सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. त्या पाठींवर देशिंगकर हात फिरवायचे. नव्या प्राध्यापकाला आधी त्या पाठी दाखवायचे. तो हात परत फिरणार नाही, ही ती भीती. माणूस नोकरीसाठी जेवढं लपवतो त्याहून जास्त एका शाबासकीसाठी लपवतो.

आठ दिवसांनी त्यांनी पहिला खंड बाइंडिंगच्या खोलीत नेला, मासिकांच्या जुन्या कव्हरांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि पहिल्या लेखाचा मथळा अक्षर अक्षर उतरवून काढला. चित्र काढावं तसा. खाली खंड आणि पान. पण नुसतं उतरवून काय उपयोग? लेख कशाविषयी आहे ते कळायला हवं. दुपारच्या चहाला ते एका प्राध्यापकांपुढे उभे राहिले आणि चिठ्ठी पुढे केली. ‘‘सर, एवढ्या वळीचा अर्थ काय ओ?’’

सरांनी सांगितलं, नारळाच्या झाडावरची कीड. गौसभाईंनी चिठ्ठीच्या डोक्यावर मराठीत लिहिलं, ‘नारळ’.

असं नऊ वर्षं चाललं. रोज एक ओळ. प्राध्यापकांच्या खोलीत त्याची थट्टा व्हायची. ‘‘या गौसभाई, आजची ओळ काय?’’ कुणी म्हणे हे बाहेरून बी.ए.ला बसणार, कुणी म्हणे यांना इंग्रजीत शायरी करायची आहे. गौसभाई हसत आणि अर्थ घेऊन जात. ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. पुठ्ठ्याचे डबे त्यांनी स्वतःच केले आणि बाहेरून नावं चिकटवली: नारळ, पाऊस, म्हैस, लोखंड, ताप. डबे पुस्तकं दाबायच्या शिकंज्यामागे ताडपत्रीखाली ठेवले. बाइंडरच्या खोलीत ताडपत्री उचलून बघायला कोण जातंय?

त्यांची एक पद्धत मात्र छापील सूच्यांहून निराळी होती. जुन्या मासिकांत फोटो लेखात नसत. गुळगुळीत कागदावर वेगळे छापून अंकाच्या शेवटी घातलेले असत. खाली लेखाच्या पानाचा आकडा असे, म्हणून गौसभाईंनी ते काढले नव्हते, तिथंच शिवले होते. वाचता न येणारा माणूस आधी चित्र बघतो. गौसभाई प्रत्येक चिठ्ठीवर चित्रात काय दिसतं तेही लिहीत. मथळा आणि चित्र यांचं जुळलं नाही तर दोन चिठ्ठ्या करून दोन डब्यांत टाकत.

एकदा एका लेखावर ते अडले. सरांनी अर्थ सांगितला होता, दख्खनमधल्या गढूळ पाण्याच्या निवळण्याविषयी टिपण. चिठ्ठी ‘पाणी’च्या डब्यात गेली. पण फोटो काही त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी भाकरी खाताना ते म्हणाले, ‘‘पान्याचा लेख, आन् फोटूत मोठी काहील. एक मानूस लांब दांड्याचा झारा घिऊन हुबा हाय. बाजूला काड्यांचा भारा.’’

जुलेखाचे वडील बादशहा हे कोडोलीच्या पंचक्रोशीत नावाजलेले गुळवे, म्हणजे गुऱ्हाळात गूळ उतरवणारे कारागीर होते. तिचं बालपण उसाचा रस उकळायच्या काहिलीच्या वाफेत गेलेलं. ती तवा तसाच ठेवून वळली. ‘‘पानी निवळायला काहील कशाला लागतीया? गुळव्या हाय त्यो. आन् भारा भेंडीचा असनार. भेंडी ठेचून तिचा चीक उसाच्या रसात घातला की मळी वर येतीया. अब्बा त्याबिगर जाळ घालू द्यायचे न्हाईत. गुळात घाला ती चिठ्ठी.’’

गौसभाईंनी दुसरी चिठ्ठी केली आणि ‘गूळ’च्या डब्यात टाकली. त्या डब्यात ती चौदावी.

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर मीनाक्षी हुपरीकर येऊन बसू लागल्या. ह्या रसायनशास्त्र शिकवायच्या, वय पस्तिशीचं. पाच वर्षं त्या पीएच.डी.साठी भेंडीच्या चिकावर काम करत होत्या. गुऱ्हाळांच्या हंगामात एस.टी.नं कोडोलीपासून शिरोळपर्यंत हिंडायच्या, पिशवीत बाटल्या. गुऱ्हाळावरची माणसं आधी त्यांना सरकारी तपासनीस समजून गप्प बसत, मग काकवी पाजल्याशिवाय सोडत नसत. प्रबंध लिहून तयार होता. फक्त पुण्याच्या मार्गदर्शकांची सही राहिली होती, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

मार्गदर्शकांनी लिहिलं होतं: ‘भेंडीच्या चिकावर कुणीतरी पूर्वी काम करून कलकत्त्याच्या त्या शास्त्रीय मासिकात छापलं आहे, असं मला पक्कं आठवतं. नाव, साल आठवत नाही. तो लेख पाहून तुमचं काम त्याहून वेगळं आहे हे दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही.’ नोंदणीची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. ती गेली की पाच वर्षं पाण्यात. आणि लेखात तेच काम निघालं, तरीही पाण्यात.

मीनाक्षीबाईंनी मुंबईच्या एका ग्रंथालयाला पत्र घालून तिथल्या सूच्या बघायला लावल्या. गूळ, साखर, ऊस, भेंडी, चीक, सगळे शब्द बघून तिथून उत्तर आलं, असा लेख नाही. मग त्या हिरवे खंड घेऊन बसल्या आणि एकेक अंकाचे मथळे वाचू लागल्या. दिवसाला दोन-तीन खंड. देशिंगकर येता-जाता हळहळत. ‘‘त्या अंबादासनं सूच्या चोरल्या नसत्या तर तुमच्यावर ही पाळी आली नसती.’’

गौसभाई त्यांना खंड आणून देत. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं, की बाई गुळाचं काही हुडकताहेत. शिकंज्यामागे ‘गूळ’ लिहिलेला डबा होता. तो आणून टेबलावर ठेवणं, एवढंच काम. पण देशिंगकर विचारणार होते, हे केलंस कधी? आणि त्यापुढचा प्रश्न, फक्त ह्याच एकतीस खंडांचं का? ह्या प्रश्नाला खरं सोडून दुसरं उत्तर नव्हतं. बाई बघून बघून सोडतीलच, कदाचित त्यांनाच सापडेल, अशी मनाची समजूत घालत गौसभाईंनी अकरा दिवस काढले. आपण काय करतोय हे त्यांना नीट ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

बाराव्या दिवशी, पंचविसाव्या तारखेला, मीनाक्षीबाईंनी शेवटचा खंड मिटला. टेबलावरचे कागद गोळा केले आणि देशिंगकरांना म्हणाल्या, ‘‘सर, मी पुण्याला कळवून टाकते. नाही जमत.’’

‘‘अहो, अजून तीन दिवस आहेत.’’

‘‘एकतीसही खंड झाले. आता कुठं बघू?’’ त्यांचा आवाज साधा होता. त्यांनी गौसभाईंकडे वळून म्हटलं, ‘‘तुम्हांला फार ओझी वाहायला लावली, गौसभाई. माफ करा.’’

गौसभाईंना वाटलं, ह्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर त्यांनी जुलेखाला सांगितलं. ती ओरडली नाही, आणि तेच जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘नऊ वरसं चिठ्ठ्या कुनासाठी लिवल्या? ताडपत्रीसाठी?’’

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडताच गौसभाईंनी डबा काढला. मीनाक्षीबाई घेतलेली पुस्तकं परत करायला आल्या होत्या. गौसभाईंनी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. ‘‘बाई, हे येकदा बगा. माझं हाय. चुका असतील.’’

मीनाक्षीबाईंनी पहिली चिठ्ठी वाचली, मग दुसरी, आणि उभ्या होत्या त्या खाली बसल्या. अक्षर लहान मुलासारखं, पण खंड, पान, सगळं बिनचूक. एकेक चिठ्ठी त्या बाजूला ठेवू लागल्या. हा लेख पाहिलेला, हाही पाहिलेला. तेरा झाल्या. चौदावीवर त्या थांबल्या. मथळा गढूळ पाण्याचा. तो त्यांनी सहा दिवसांपूर्वी वाचला होता आणि पान उलटून पुढं गेल्या होत्या. खाली मराठीत लिहिलं होतं: ‘फोटू अंकाच्या शेवटी. काहील, गुळव्या, भेंडीचा भारा.’

‘‘भेंडी कशावरून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘घरातनं सांगितलंय. ती गुळव्याची लेक हाय.’’

खंड गौसभाईंनीच धावत आणला. १९३६. लेख बारा पानांचा. पहिली आठ पानं विहिरी आणि ओढे. नवव्या पानावर लेखकानं लिहिलं होतं, की दक्षिणेकडच्या काही गावांत पाणी निवळायला भेंडीचा चीक वापरतात आणि गूळ करतानाही तोच घालतात, म्हणून त्याचेही प्रयोग करून पाहिले. मीनाक्षीबाईंचा चेहरा उतरला. त्यांचं बोट ओळीवरून सरकत राहिलं, शेवटच्या परिच्छेदाशी आलं. एकाच गावात, एकाच उसाला, कधी चीक लागू पडतो आणि कधी मुळीच पडत नाही. ह्याचं कारण, लेखक म्हणत होता, मला सापडलेलं नाही. पुढं कुणी तरी ते शोधावं.

मीनाक्षीबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. भेंडी फुलावर आल्यावर तोडली की तिच्या चिकातला जोर जातो, हे त्यांनी पाच वर्षं बाटल्या भरभरून सिद्ध केलं होतं. प्रबंधात दुसरं काही नव्हतंच. ‘‘ह्यानं विचारलंय, गौसभाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि माझ्याकडे उत्तर आहे.’’ मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि गौसभाई दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात देशिंगकर आले. डबा बघितला. चिठ्ठ्या बघितल्या. चष्मा खाली आला.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी, सायेब.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘नऊ वरसं झाली. आनखी हायती आत. तीस-चाळीस डबं.’’

‘‘फक्त ह्याच मासिकाचं?’’

आला तो प्रश्न. गौसभाईंनी कपाटातला एक हिरवा खंड काढून साहेबांच्या हातात दिला आणि पाठीवर बोट ठेवलं. ‘‘सूची हितं हाय, सायेब. एकतीसच्या एकतीस. मला वाटलं पावणी पानं हायती, म्हनून पट्ट्या करून अस्तराला लावली. अंबादासशेठनी न्हाय चोरली. मीच गाढव.’’

देशिंगकरांनी खंड उघडा धरून पाठीच्या पोकळीत डोकावून पाहिलं. कापड आणि पानांच्या फटीत, दुधी पट्टीवर, बारीक टायपातली अर्धी अर्धी अक्षरं दिसत होती. मग साहेबांनी खंड मिटला, आणि अंगठा पाठीवरून एकदा वरून खाली फिरवला.

‘‘चौदा वर्षं,’’ ते म्हणाले, ‘‘मी एका भल्या माणसाला चोर म्हणत आलो. तुझी चूक पाच वर्षं तुला ठाऊक नव्हती, ती माफ. पुढची नऊ वर्षं ठाऊक होती. ती माफ करणारा मी नाही, तो मुंबईला बसलाय. कागद आण.’’

पत्र देशिंगकरांनी लिहिलं. आधी स्वतःची माफी मागितली, मग खरी हकिगत. खाली स्वतः सही केली आणि गौसभाईंनाही करायला लावली. ‘‘पोस्टात तूच टाक,’’ म्हणाले. गौसभाई पेटीपर्यंत चालत गेले. पत्र आत पडल्याचा आवाज ऐकून आले, तेव्हा अडुसष्टनंतर पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती.

सुताराकडून सागवानी खणांचं कपाट करून घ्यायचं ठरलं. देशिंगकरांनी चिठ्ठ्या तपासायला घेतल्या, आणि चुका सापडल्या की आनंदानं ओरडत. ‘‘अरे, हा ताप माणसाचा नाही, घोड्याचा आहे.’’ पंधरा दिवसांनी अंबादासचं उत्तर आलं. एकच ओळ: ‘‘तुमचा बाइंडर मला द्या, आणि तुम्ही जुना हिशेब विसरा.’’ देशिंगकरांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘‘बाइंडर मिळणार नाही म्हणून कळवतो.’’ एवढंच. पण गौसभाई ते वाक्य पोटाशी धरून घरी गेले.

मीनाक्षीबाई त्याच रात्री लेखाची नक्कल घेऊन पुण्याला गेल्या होत्या, आणि त्यांना सही मिळाली. अठ्ठावीस तारखेला टंकलिखित प्रबंध दाखल झाला, आणि पुढच्या वर्षी परीक्षकांनी तो मान्य केला. मग बाई ग्रंथालयात ठेवायची प्रत घेऊन आल्या. सुटी पानं, वर सुतळी. ‘‘ही तुम्हीच बांधायची, गौसभाई.’’

गौसभाईंनी पानं लावायला घेतली. एकपासून दोनशे चौदापर्यंत रांग सरळ होती. वर मात्र सहा पानं वेगळीच आली. काड्या आणि फुल्या. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. देशिंगकर दारातून म्हणाले, ‘‘बघ हो, पाहुणी आहेत त्यात.’’

तीन काड्यांच्या पानावर गौसभाई अडले. मधल्या एका ओळीत अक्षरांची एक जुळणी त्यांच्या ओळखीची होती. पगारपत्रकावर ते दर महिन्याला बघत तीच. त्यांनी बोट ठेवून अक्षरं लावली, पुन्हा लावली. मग पान दोन्ही हातांनी धरून दारापाशी आले.

‘‘सायेब,’’ ते म्हणाले, ‘‘आजची वळ.’’

देशिंगकरांनी चष्मा खाली आणला आणि मराठीत सांगत गेले. ‘‘‘ह्या संशोधनाला लागणारा लेख कुठल्याही छापील सूचीत नव्हता. तो श्री. गौस दस्तगीर अत्तार यांच्या चिठ्ठीमुळे मिळाला, आणि त्या चिठ्ठीवरचा भेंडी हा शब्द सौ. जुलेखा अत्तार यांचा आहे. दोघांची मी ऋणी आहे.’’’ त्यांनी पान परत दिलं. ‘‘जुलेखाबाईंना सांग. म्हणावं, प्रबंधात आहे.’’

गौसभाईंनी मान हलवली. ते आत गेले. सहा पानं त्यांनी सगळ्यांत वर ठेवली, दोऱ्याला मेण लावलं आणि त्या घडीला दुहेरी टाका घातला. मग अस्तरासाठी पेटीतल्या रद्दीकडे हात गेला, तो त्यांनी मागं घेतला. पाठीला लावायला त्यांनी नवा, कोरा कागद घेतला.